टॉय स्टोरी ४ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०१९ मध्ये 'टॉय स्टोरी ४' हा पिक्सारचा खेळण्यांवरचा ॲनिमेशनपट आला, तेव्हापासून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो तो वुडी या काउबॉय बाहुल्याच्या निर्णयाचा (प्रश्न ११). पण त्याची मैत्रीण बो पीप मधली इतकी वर्षं कुठे होती, फोर्कीत जीव कुठून आला, लहान मुलांना हा चित्रपट दाखवावा का, असंही लोक विचारत राहतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पहिल्या सहा उत्तरांत शेवट उघड होत नाही. चित्रपट पाहिला नसेल तर तिथे थांबा आणि थेट प्रश्न १६ वर जा. तिथे घरी फोर्की बनवायची कृती आहे.

१. चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

बॉनी ही मुलगी पहिल्यांदा शाळेत जाते, बावरते, आणि टाकाऊ वस्तूंतून एक खेळणं बनवते. तोच फोर्की. तिला आता सगळ्यात जवळचा तोच, पण फोर्की स्वतःला कचरा समजतो आणि सतत कचऱ्याच्या डब्याकडे धावतो. बॉनीचं कुटुंब आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन सहलीला निघतं. वाटेत फोर्की गाडीतून उडी मारतो आणि त्याला परत आणायला वुडी मागोमाग उतरतो. परतीच्या वाटेवर ग्रँड बेसिन नावाच्या छोट्या गावात जुन्या वस्तूंचं एक दुकान लागतं. त्याच्या खिडकीत वुडीला एक ओळखीचा दिवा दिसतो आणि तो आत शिरतो.

वरवर ही शोधकथा आहे. आत मात्र प्रत्येक खेळण्यापुढे एकच प्रश्न आहे: आपलं कोणीतरी असावं, की आपण कोणाचेच नसावं? चित्रपटाचं मोठेपण असं की तो सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर घालत नाही.

२. आधीचे तीन भाग पाहायलाच हवेत का?

कथा समजायला नको, पण शेवट मनाला भिडायला हवेत. पहिला भाग (१९९५) ८१ मिनिटांचा आहे, दुसरा (१९९९) ९२, तिसरा (२०१०) १०३ आणि चौथा १०० मिनिटांचा. चारही मिळून सव्वासहा तास होतात, म्हणजे शनिवार-रविवारी दोन-दोन भाग आरामात पाहून होतात.

इतका वेळ नसेल तर दुसरा आणि चौथा पाहा. लोक साधारणपणे तिसरा सुचवतात, कारण बॉनी तिथे भेटते. पण वुडीचा खरा पेच दुसऱ्या भागात मांडला आहे (प्रश्न १२). तिसऱ्यातलं एवढं माहीत असलं तरी पुरे: वुडीचा आधीचा मालक अँडी कॉलेजला जाताना आपली खेळणी बॉनीला देतो, आणि वुडीला देताना त्याचा हात क्षणभर अडखळतो.

३. भारतात कुठे पाहता येतो? भाषा कशी बदलायची?

डिस्नेचे चित्रपट भारतात जिओहॉटस्टारवर असतात. चित्रपट सुरू झाल्यावर पडद्यावर टॅप करा आणि ऑडिओ व सबटायटल्सच्या पर्यायात उपलब्ध भाषा बघा. लहान मुलं सोबत असतील तर हे आधीच करून ठेवा, कारण सुरुवातीचा पावसातला प्रसंग चुकवून चालणार नाही.

४. किती वयापासून दाखवावा? मुलं घाबरतात का?

अमेरिकेत याला 'जी' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सर्व वयांसाठी. तरी चार-पाच वर्षांची काही मुलं दुकानातल्या प्रसंगांना घाबरतात. कारण आहेत बेन्सन नावाचे बाहुले. शब्दभ्रमकार मांडीवर घेऊन बोलवतात तसले हे लाकडी बाहुले. मान लुळी, हात लोंबते, चेहरा हसरा, आणि तोंडून एक शब्द नाही. ते अंधारातून चालत येतात. शिवाय ड्रॅगन नावाची मांजर आहे, आणि वुडीच्या पाठीची शिवण उसवण्याचा एक प्रसंगही.

खोलीतला एखादा दिवा चालू ठेवा आणि बेन्सन येण्याआधी सांगा की हे फक्त पकडायला येतात, तोडायला नाही. दुकानातल्या गॅबी गॅबी या बाहुलीबद्दल मूल विचारतं, "त्या बाहुलीला कोणीच का घेत नाही?" या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. चित्रपट स्वतःच ते देतो.

५. फोर्की तर प्लास्टिकचा काटा-चमचा. तो जिवंत कसा झाला?

चारही भागांत न लिहिलेला एक नियम चालत आला आहे: वस्तूला खेळणं बनवतं ते मुलाचं तिच्याशी खेळणं, कारखाना नव्हे. फोर्कीने हा नियम पहिल्यांदा उघड्यावर आणला. बॉनी त्याला डोळे लावते, हात गुंडाळते, तळपायांवर आपलं नाव लिहिते, आणि थोड्याच वेळात तो दप्तरात हलायला लागतो.

साहित्य कचऱ्याच्या डब्यातून आलेलं आहे, आणि ते बॉनीपुढे कोण टाकतो? वुडी. दप्तरात लपून तो शाळेत पोचलेला असतो. म्हणजे फोर्कीच्या जन्मात त्याचा हात आहे, आणि फोर्कीमागे तो जिवावर उदार होऊन का धावतो याचं अर्धं कारण हेच. उरलेलं अर्धं प्रश्न ११ मध्ये आहे.

'पण नक्की कोणत्या क्षणी?' याचं उत्तर चित्रपट मुद्दाम देत नाही.

६. फोर्की सारखा कचऱ्यात का पळतो? हे फक्त विनोदासाठी आहे का?

नाही. फोर्कीच्या मते तो एकदाच वापरायचा आणि मग डब्यात जायचा. तिथे त्याला ऊब वाटते, सुरक्षित वाटतं. रात्री रस्त्याने चालता चालता वुडी त्याला विचारतो की कचऱ्यात असं काय आहे, आणि तो हेच वर्णन करतो. तेव्हा वुडी दाखवून देतो की बॉनीला तुझ्याजवळ नेमकं हेच वाटतं. फोर्कीला उमगतं ते त्याच्याच भाषेत: मी बॉनीचा कचरा आहे. त्यानंतर पळापळ थांबते. ज्याला आपण टाकाऊ वाटतो, त्याला 'तू टाकाऊ नाहीस' म्हणून उपयोग होत नाही, हे लहान मुलांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही पटेल. हा दोन-तीन मिनिटांचा संवाद परत परत बघण्यासारखा आहे.

*इथून पुढे शेवट उघड होतो.*

७. बो पीप तिसऱ्या भागात का नव्हती? मधल्या काळात ती कुठे होती?

ती अँडीची नव्हतीच. अँडीची धाकटी बहीण मॉली, तिच्या दिव्याच्या बुडाशी असलेली ती चिनी मातीची मेंढपाळ बाई. मॉलीला दिवा नकोसा झाला तेव्हा तो देऊन टाकला गेला. तिसऱ्या भागात वुडी गेलेल्या मित्रांची नावं घेताना तिचं नाव जड आवाजात घेतो, एवढाच उल्लेख आहे. चौथ्या भागाची सुरुवात नऊ वर्षं मागे जाऊन ती रात्र दाखवते. पाऊस कोसळतोय, बोचं खोकं गाडीखाली आहे, आणि वुडी तिच्याबरोबर जायच्या बेतात असतो. तेवढ्यात अँडी पावसात त्याला शोधत बाहेर येतो. वुडी थांबतो.

मधल्या वर्षांसाठी 'लॅम्प लाइफ' हा छोटा लघुपट २०२० मध्ये डिस्ने प्लसवर आला. दिवा या घरातून त्या घरात कसा फिरला आणि दुकानात कसा पोचला हे त्यात कळतं. तो चौथ्या भागानंतरच पाहा.

८. बो स्वतंत्र आहे म्हणजे नेमकं काय? ती सुखी आहे का?

तिच्या स्वातंत्र्याची किंमत चित्रपट लपवत नाही. तिचा हात तुटलेला आहे आणि टेप लावून जोडलेला. ती एका रिमोटच्या गाडीला स्कंक या दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्याचं कातडं चढवून फिरते, म्हणजे माणसं जवळ येत नाहीत. रात्री छप्पर शोधावं लागतं. बिली, गोट आणि ग्रफ या तीन मेंढ्यांना सांभाळायचं ते वेगळंच.

बरेच जण एक गोष्ट विसरतात. बो मुलांपासून पळालेली नाही. बागेत मुलं आली की तिच्यासारखी हरवलेली खेळणी त्यांच्यासमोर जाऊन पडतात आणि खेळून घेतात. तिने सोडली आहे ती मालकी. मुलांवरचं प्रेम तसंच आहे. हा फरक हातात आला नाही तर शेवट चुकीचा वाचला जातो.

९. गॅबी गॅबी खलनायिका आहे की नाही? वुडीने आवाजाची पेटी स्वखुशीने दिली की तिने ती हिसकावली?

गॅबी ही दुकानातली दोरी ओढल्यावर बोलणारी बाहुली. तिची आवाजाची पेटी बिघडलेली आहे, म्हणून तिला वुडीची हवी आहे. सुरुवात जबरदस्तीने होते. ती फोर्कीला ओलीस ठेवते आणि बेन्सनना वुडीच्या मागे लावते. पण पेटी शेवटी जाते ती देवाणघेवाणीत: वुडी पेटी देतो, ती फोर्कीला सोडते. दबाव नव्हता असं म्हणता येणार नाही. तरीही निर्णायक ठरतं ते तिचं बोलणं. तुला अँडी मिळाला, बॉनी मिळाली. मला एकदाही कोणी मिळालं नाही. हे ऐकल्यावर वुडीच्या चेहऱ्यावरचा विरोध मावळतो, ते बघा.

पुढे जे होतं त्यातच दिग्दर्शकाची समज दिसते. दुकानदार बाईंची नात हार्मनी. गॅबी वर्षानुवर्षं तिच्याकडे बघून तिच्यासारखा चहा प्यायला शिकली आहे. तीच हार्मनी गॅबीला उचलते, दोरी ओढते आणि परत टाकून देते. आवाज दुरुस्त झाला, तरी नकार मिळाला. म्हणजे नाकारलं जाण्याचं कारण दोष हे नव्हतंच. नंतर जत्रेत आईबापांपासून हरवलेली एक मुलगी रडत असते आणि गॅबी तिच्याजवळ जाते. तिथे तिला घर मिळतं. त्यामुळे तिला खलनायिका म्हणणं आम्हाला पटत नाही. चुकीच्या मार्गाने योग्य गोष्ट मागणारी बाहुली, एवढंच.

१०. दोरी ओढल्यावर बोलणाऱ्या बाहुल्या खरंच होत्या का? त्या बिघडायच्या कशा?

होत्या. सगळ्यात गाजलेली म्हणजे अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीची चॅटी कॅथी. ती १९६० मध्ये बाजारात आली आणि सुरुवातीला ११ वाक्यं बोलायची. पोटात छोटी ग्रामोफोन तबकडी असायची. दोरी ओढली की स्प्रिंगला पीळ बसायचा आणि सोडली की त्या जोरावर तबकडी फिरायची. दोरी परत आत जायला लागायचा तेवढाच वेळ बोलणं चालायचं.

त्यामुळे बिघाड ठरलेले. दोरी अर्धवट ओढली की वाक्य अपुरं. स्प्रिंग थकली की आवाज जाड आणि रेंगाळता. आतला रबरी पट्टा वर्षानुवर्षांत चिकट होऊन विरघळला की नुसती घरघर. गॅबीचा आवाज या घरघरीच्या जवळचा आहे, फक्त तिचा बिघाड कारखान्यातूनच आलेला. वुडी आणि ती एकाच काळातली, १९५०च्या दशकातली, म्हणून त्याची पेटी तिला चालते.

११. वुडी बॉनीला सोडून जातो. हा विश्वासघात नाही का?

सगळ्यात जास्त रागाने विचारला जाणारा प्रश्न. राग समजण्यासारखा आहे: चोवीस वर्षं ज्याने 'मुलाला कधी सोडू नका' हेच शिकवलं, तोच निघून जातो. पण सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पुन्हा बघा.

बॉनी खेळायला बसते तेव्हा वुडी कपाटात असतो. इतर खेळणी सांगतात की या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याला निवडलेलं नाही. त्याच्या अंगावर धुळीचा गोळा आहे. बॉनी त्याच्या छातीवरचा शेरिफचा बिल्ला काढते आणि जेसी या काउगर्ल बाहुलीला लावते. वुडी तक्रार करत नाही. उलट फोर्कीला सांभाळण्याचं काम अंगावर घेतो, कारण बॉनीसाठी करण्यासारखं त्याला तेवढंच उरलं आहे. फोर्की सुखरूप परत गेला आणि आपण बॉनीला हवे आहोत हे त्याला कळलं, की तेही काम संपतं.

फिरत्या घोड्यांच्या चक्रापाशी निरोपाचा प्रसंग होतो तेव्हा बझ हे अंतराळवीर खेळणं त्याला सांगतं की ती ठीक राहील. 'ती' म्हणजे बो, असं वुडीला क्षणभर वाटतं. मग बझ स्पष्ट करतो: बॉनी. या दोन वाक्यांवर अख्खा चित्रपट तोललेला आहे. जाण्याची परवानगी बो देत नाही, वुडी स्वतः मागत नाही. ती देतो त्याचा सगळ्यात जुना मित्र.

वुडी जाताना बॉनीकडून काहीच हिरावून घेत नाही. तिच्याजवळ फोर्की आहे, जेसी आहे, आणि जेसीला तो बिल्ला आता स्वतःच्या हाताने देतो. आमच्या मते विश्वासघात झाला असता तो कपाटात पडून राहून स्वतःचं कुढणं बॉनीच्या नावावर खपवण्यात.

१२. मग दुसऱ्या भागात त्याने जपानच्या संग्रहालयात जायला नकार का दिला? तेही स्वातंत्र्यच होतं ना?

नव्हतं. टोकियोच्या संग्रहालयात तो काचेमागे कायमचा जपला गेला असता. कोणीही हात लावला नसता, म्हणून तो कधी तुटलाही नसता. वुडीने तेव्हा अँडी निवडला, अँडी मोठा होणार हे माहीत असूनही. त्याने निवडलं ते वापरलं जाणं. बॉनीच्या घरातलं कपाट ही दुसरी काच आहे. त्या दृष्टीने पाहिलं तर दोन्ही निर्णय एकाच स्वभावातून आलेले आहेत. विसंगती नाही.

१३. ड्यूक कॅबूम कोणत्या खऱ्या खेळण्यावरून घेतला?

१९७०च्या दशकात स्टंटवाल्या मोटरसायकलची खेळणी फार खपायची. अमेरिकेत आयडियल कंपनीने १९७३ मध्ये इव्हल कनीव्हलची मोटरसायकल काढली होती. लाँचरची मूठ फिरवून चाकाला वेग द्यायचा आणि सोडायची. ड्यूक हा त्या जातीचा, पण कॅनडाचा. त्याचं दुःख असं की जाहिरातीत दाखवलेली उडी प्रत्यक्षात त्याला जमत नाही, आणि ज्या मुलाचा तो असतो तो रेजाँ त्याला टाकून देतो. आवाज कियानू रीव्ह्जचा.

१४. खेळणी माणसांसमोर हलत नाहीत हा नियम. मग आरव्ही कोणी चालवली?

नियम 'दिसू नये' असा आहे, 'काही करू नये' असा नाही. बॉनीच्या खेळण्यांपैकी ट्रिक्सी जीपीएसचा आवाज काढते, बटरकप पॅडलपाशी असतो, आणि बॉनीच्या बाबांना गाडीच बिघडली असं वाटतं. नियम उघडपणे मोडला गेला तो पहिल्या भागात, खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलासमोर, आणि तेही सगळ्यांनी मिळून ठरवून.

१५. श्रेयनामावलीत काही आहे का?

आहे, उठू नका. वुडी, बो आणि मंडळी जत्रेतल्या बक्षिसाच्या खेळण्यांना मुलांपर्यंत पोचवताना दिसतात. प्रश्न ८ मधला मालकी आणि प्रेम यांतला फरक इथे कृतीत उतरतो. नंतर बॉनी पहिलीतून एक नवं खेळणं बनवून आणते, प्लास्टिकच्या सुरीचं. ती फोर्कीला विचारते की मी जिवंत कशी, आणि तो म्हणतो, माहीत नाही. अगदी शेवटच्या लोगोपर्यंत बसा.

१६. घरी फोर्की कसा बनवायचा? प्लास्टिकचा काटा-चमचा इथे मिळत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या चमच्या-काट्यांवर बंदी आहे, म्हणून लाकडी घ्या. एका फोर्कीला लागतं:

- लाकडी काटा-चमचा १ (नसेल तर साधा लाकडी चमचा; दाते कापू नका, लाकूड चिरतं, पेनाने काढा)
- लाल पाइप क्लीनर (हस्तकलेची मऊ केसाळ तार) १, सुमारे ३० सेंमी
- हलणारे डोळे २, एक मोठा व एक लहान (साधारण १५ व १० मिमी)
- आइस्क्रीमची काडी १
- हवेत वाळणारी क्ले, लिंबाएवढी

काडी मधोमध मोडा. सरळ मोडत नसेल तर मोठ्या माणसाने आधी ब्लेडने खाच पाडावी. तळपायांवर मुलाचं नाव आत्ताच लिहा, नंतर जमत नाही. क्लेचा गोळा किमान ३ सेंमी रुंद दाबा, दोन्ही पाय खाली चिकटवा आणि चमच्याचा दांडा वरून २ सेंमी आत खोचा. लाकडी चमचा प्लास्टिकपेक्षा जड असतो, म्हणून बूड अरुंद राहिलं तर फोर्की पुढे तोंडावर पडतो.

एक दिवस वाळू द्या. क्ले वाळताना आकसते आणि दांडा सैल होतो. तसं झालं तर दांडा बाहेर काढा, भोकात फेविकॉल घाला आणि परत खोचून रात्रभर ठेवा. मग पाइप क्लीनर चमच्याच्या मानेखाली दोन वेढे देऊन गुंडाळा. दोन्ही टोकं आत वळवा, कारण तार बोचते. डोळे सर्वांत शेवटी. ते फेविकॉलने नीट धरत नाहीत, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप लावा. भुवई आणि तोंड उरलेल्या क्लेचं.

तेलाची क्ले वापरू नका. ती वाळत नाही आणि उन्हाळ्यात मऊ होऊन फोर्की कलंडतो. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर डोळे चिकटवण्याऐवजी मार्करने काढा; सुटा डोळा घशात अडकू शकतो.

१७. दिग्दर्शक कोण? बनायला इतका वेळ का लागला?

जॉश कूली, पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट. पटकथा अँड्र्यू स्टँटन आणि स्टेफनी फोल्सम यांची, संगीत पहिल्या भागापासूनचेच रँडी न्यूमन. घोषणा २०१४ मध्ये झाली आणि प्रदर्शन आधी २०१७ ला ठरलं होतं. मध्ये दिग्दर्शक बदलला, पटकथा नव्याने लिहिली गेली आणि तारीख २१ जून २०१९ वर गेली. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

कामाचा अंदाज यावा म्हणून: १०० मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,४४,००० फ्रेम. दुकानातली धूळ आणि कोळ्यांची जाळीही कोणीतरी विचार करून बसवली आहेत. जाळी विणायला पिक्सारने संगणकात आभासी कोळी तयार केले. कपाटांच्या मागच्या बाजूचे प्रसंग थांबवून पाहा, कुठे किती वर्षं हात लागलेला नाही ते कळतं.

१८. डॉन रिकल्स २०१७ मध्ये गेले, तरी मिस्टर पोटॅटो हेडला आवाज त्यांचाच कसा?

ते नव्या संवादांचं ध्वनिमुद्रण करण्याआधीच गेले. कुटुंबाच्या संमतीने आधीच्या भागांच्या आणि इतर कामांच्या जुन्या ध्वनिफितींतून त्यांचे शब्द निवडले गेले. म्हणून या भागात त्याचे संवाद थोडे आहेत.

१९. पाचवा भाग आहे का?

हो. डिस्ने-पिक्सारने त्यासाठी १९ जून २०२६ ही तारीख जाहीर केली, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन. तोवर बघायला दहा छोट्या भागांची 'फोर्की आस्क्स अ क्वेश्चन' ही मालिका आहे (२०१९-२०). ती कोणत्याही क्रमाने पाहिली तरी चालते.